घर बांधा, मळे लावा : बायबलमधली हद्दपारी, सोडवणूक आणि नवी सृष्टी

अंजीराखाली

मंडळी, बायबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला घेतलं की हद्दपारी पिच्छा सोडत नाही. आदाम-हव्वा बागेतून बाहेर, काइन त्याच्या शेतातून बाहेर, उत्तरेचं इस्राएलचं राज्य इ.स.पू. ७२२ च्या सुमाराला अश्शूरनं उचलून नेलं, मग यहूदाचं राज्य बाबेलनं. चर्चमध्ये यावर प्रवचन झालं की सार ठरलेलं असतं, माणूस पापामुळे देवापासून दुरावला, येशूनं खंडणी भरून सोडवला, आता आपण स्वर्गात जाणार. हे खोटं आहे असं मी म्हणत नाहीये, पण मला मनापासून वाटतं की हे अर्धंच आहे, कारण मधल्या शेकडो पानांत जी घरं, शेतं, द्राक्षमळे, सुना-जावई, लेकरंबाळं आहेत ती सगळी यातून गळून जातात आणि हातात फक्त आत्मा उरतो. हा धागा त्या गळलेल्या गोष्टींसाठी.

अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायात देवाशी केलेला करार मोडल्यावर काय काय शाप लागतील त्याची लांबलचक यादी आहे, त्यातलं ३० वं वचन बघा. मुलीशी वाङ्निश्चय करशील पण ती दुसऱ्याची होईल, घर बांधशील पण त्यात राहणार नाहीस, द्राक्षमळा लावशील पण त्याचं फळ तुझ्या तोंडी लागणार नाही. बायको, घर, मळा. हद्दपारी म्हणजे काय ते इतक्या साध्या तीन गोष्टींत सांगितलंय.

आता इ.स.पू. ५९७ ला या. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली, तिथला राजा यहोयाखीन १८ वर्षांचा, गादीवर बसून तीनच महिने झालेले, त्याला, त्याच्या आईला, कारागिरांना, लोहारांना बाबेलला नेलं. मागे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतोय की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची भांडीसुद्धा परत येतील, लोकांना हेच ऐकायचं होतं. आणि दुसरा संदेष्टा यिर्मया तिकडे पाडाव झालेल्यांना, म्हणजे कैद करून नेलेल्यांना, पत्र लिहितो (अध्याय २९) की घरं बांधा आणि त्यात राहा, बागा लावा आणि त्यांची फळं खा, लग्नं करा, मुलांची लग्नं लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं मागा कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. तीच तीन. शापात जी काढून घेतली होती तीच तीन, परत दिली जातायत, पण शत्रूच्या देशात! शिक्षा अजून संपलेली नाही, ७० वर्षं जायचीत असं तो त्याच पत्रात स्पष्ट सांगतो, पण परत देणं सुरू झालंय. मला बायबलमध्ये याहून धाडसी पानं फार थोडी माहीत आहेत.

आणि मग अध्याय ३२. हा वाचला नसेल तर आज रात्रीच वाचा. शहराला वेढा पडलेला, भिंतीला लागून मातीचे चढाव उभे राहिलेत, आत उपासमार आणि रोगराई, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे कारण शहर पडणार असं तो राजाच्या तोंडावर सांगत होता. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. लेवीयच्या २५ व्या अध्यायातला कायदा असा होता की माणूस नडून जमीन विकायला लागला तर जवळच्या नातलगानं ती सोडवायची, म्हणजे वाडवडिलांची जमीन कुळात राहील. अनाथोथ यरुशलेमपासून चालत जाण्याइतकं जवळ आणि तो सगळा मुलूख बाबेलच्या फौजेखाली, त्या क्षणी त्या शेताची किंमत शून्य. यिर्मया १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर सही-शिक्का करतो, खरेदीखताच्या दोन प्रती, एक बंद आणि एक उघडी, आपला लेखनिक बारूख याच्या हातात देतो आणि सांगतो की हे मातीच्या मडक्यात घाल म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, मळे विकत घेतले जातील.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'सोडवणूक' हा सगळा विचार बायबलमध्ये इथून वर येतो. रूथच्या पुस्तकात बवाज तेच करतो, वेशीत दहा वडीलधारे बसवून नामीची जमीन सोडवतो आणि रूथशी लग्न करतो, जमीन आणि घर एकाच बैठकीत. क्रूसाबद्दल बोलताना प्रेषित जेव्हा 'आम्हाला सोडवलं' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात मिसरातून बाहेर पडलेली गुलामांची रांग आहे आणि असा नातलगही आहे, जो स्वतःच्या खिशाला चाट लावून पुढे होतो.

नवी सृष्टी तर यशया ६५ मध्ये उघडच सांगितलीय. मी नवं आकाश आणि नवी पृथ्वी निर्माण करतो असं म्हटल्यावर लगेच पुढे काय येतं? लोक घरं बांधतील आणि त्यात राहतील, द्राक्षमळे लावतील आणि त्यांचं फळ खातील, एकानं बांधावं आणि दुसऱ्यानं राहावं असं होणार नाही, आणि त्यांची लेकरं संकटात पडण्यासाठी जन्मणार नाहीत. पुन्हा तीच तीन! अनुवाद, यिर्मया, यशया एका ओळीत ठेवून वाचा, अंगावर काटा येतो.

मग योहानानं येशूला बागेत पुरलं असं मुद्दाम सांगणं आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेला तो माळी वाटणं हे मला सहज आलेलं वाटत नाही. पहिली बाग देवानं लावली होती, उत्पत्तीत तसंच लिहिलंय. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, विरोधी मतंही चालतील.

शिलालेख

छान लिहिलंय. यातल्या काही गोष्टींना मातीचे पुरावे आहेत ते इथे टाकतो. यहोयाखीन खरोखर बाबेलला होता, तिथल्या राजवाड्याच्या अवशेषांत क्यूनिफॉर्म म्हणजे खिळ्यांच्या आकाराच्या लिपीतल्या मातीच्या विटा सापडल्या ज्यांवर त्याला आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे, त्यात त्याला यहूदाचा राजाच म्हटलंय. १९३९ साली त्या प्रसिद्ध झाल्या. दुसरे राजे २५ च्या शेवटी त्याला कैदेतून काढून राजाच्या पंगतीला बसवल्याचं आहे, ते यापुढे ठेवून वाचा.

दुसरं म्हणजे बाबेलच्या मुलुखातल्या निप्पूर शहराच्या आसपासच्या खेड्यांतल्या सुमारे २०० विटा, त्यात एका गावाचं नावच 'यहूदानगर' अशा अर्थाचं आहे. सगळ्यात जुनी इ.स.पू. ५७२ ची, म्हणजे यरुशलेम पडल्याला १५ वर्षंही झालेली नाहीत. आणि त्यात काय आहे तर शेतं खंडानं घेतली, जव आणि खजूर इतका द्यायचा, कर भरला, वारसांत वाटणी केली. यिर्मयाच्या पत्रातलं सगळं रोजच्या हिशोबात उतरलेलं दिसतं. संदेष्टा यहेज्केल म्हणतो की तो खबार नदीकाठी पाडाव झालेल्यांत होता, ती नदी म्हणजे कालवाच आणि तोही त्याच निप्पूर भागातला.

आकडेही बघा, यिर्मया ५२ मध्ये तीन खेपांची बेरीज ४,६०० होते, राजेमध्ये एका खेपेचेच १०,००० दिलेत. काहीही धरलं तरी सगळा देश रिकामा झाला नव्हता.

पानगळ

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे. स्तोत्र १३७ वर पण लिहा कुणीतरी, बाबेलच्या नद्यांकाठी वाळुंजांवर वीणा टांगल्या इतकंच सगळे सांगतात आणि शत्रूची लेकरं खडकावर आपटण्याच्या शेवटच्या वचनावर गप्प बसतात.

कुंपण

शिलालेख यांनी शेवटी जे लिहिलं त्यावर मला थांबायचंय. जे गेले नाहीत त्यांचं काय? यिर्मया ३९:१० वाचा, बाबेलच्या सरदारानं ज्या गरिबांकडे काहीच नव्हतं त्यांना यहूदात ठेवलं आणि त्याच दिवशी त्यांना द्राक्षमळे आणि शेतं दिली. म्हणजे ज्या दिवशी वरच्यांचा देश बुडाला त्या दिवशी खालच्यांना पहिल्यांदा जमीन मिळाली. आणि ही जमीन आधी कुणाच्या ताब्यात होती? यशया ५:८ मध्ये शिव्याच घातल्यात, घराला घर आणि शेताला शेत जोडत जाता, दुसऱ्याला जागा उरू देत नाही. नाबोथाच्या द्राक्षमळ्यासाठी राजवाड्यानं त्याला दगडमार करून मारलं ते पहिल्या राजेच्या २१ मध्ये आहे. त्यामुळे हद्दपारीची गोष्ट ज्यांची लिहिली गेली ते बळी होतेच, पण त्यातले कितीतरी आधी दुसऱ्यांना घराबाहेर काढून झालेले होते.

आणि परत आल्यावर काय केलं? एज्रा १० मध्ये परजातीच्या बायका आणि त्यांची मुलं घराबाहेर काढली. लग्नं करा, लेकरं होऊ द्या म्हणणारं पत्र कुठे आणि हे कुठे. तुमच्या तीन गोष्टींतल्या दोन तिथे मोडल्या, परत आलेल्यांनीच मोडल्या.

अंजीराखाली

कुंपण, तुमचा प्रतिसाद माझ्या मूळ लेखाइतकाच महत्त्वाचा आहे. हा वाद त्या काळातही पेटलेला होता, यहेज्केल ११:१५ मध्ये यरुशलेममध्ये राहिलेले म्हणतात की ते गेलेत ते परमेश्वरापासून लांब गेले, देश आम्हालाच मिळालाय. संदेष्टा गेलेल्यांच्या बाजूनं बोलतो. पण तोच यहेज्केल ४७ मध्ये नव्या वाटणीचा नकाशा आखताना सांगतो की तुमच्यात राहणारे परके, ज्यांना तुमच्यात लेकरं झाली, त्यांना देशातच जन्मलेल्यांसारखं धरा, ज्या वंशात ते राहतात तिथेच त्यांना वतन द्या. मोशेच्या नियमशास्त्रात परक्याशी नीट वागा, सरवा त्याच्यासाठी सोडा एवढं होतं, वतनात वाटा नव्हता. इथे आहे, आणि तो मंदिरातून निघणाऱ्या नदीच्या लगेच खाली आहे, ज्या नदीनं मृत समुद्राचं पाणी गोडं होतं.

एज्रा १० मला कधीच सोपा गेला नाही आणि मी तो झाकणार नाही. रूथ मवाबी म्हणजे परजातीचीच होती आणि दाविदाची पणजी झाली हे त्याच बायबलात आहे. दोन्ही पुस्तकं ठेवली गेली, एकमेकांशी भांडत ठेवली गेली, आणि माझा कल कुणीकडे आहे ते सांगायची गरज नसावी.

पानगळ, १३७ चं शेवटचं वचन हे ज्यांची लेकरं डोळ्यांदेखत मारली गेली त्यांच्या तोंडचं आहे. ते देवाकडे ओरडणं आहे. विलापगीत वाचल्याशिवाय ते वचन हाती घेऊ नये असं मला वाटतं, उपासमारीत आयांनी काय केलं तेही तिथे आहे. त्याला गोड करायला जाऊ नये.

दगडी_चाळ_नं_७

बायबल फारसं वाचलेलं नाही पण धागा सोडवेना. यिर्मयाला ते शेत मिळालं का हो शेवटी?

अंजीराखाली

नाही मिळालं. इ.स.पू. ५८६ ला शहर पडलं (काही जण ५८७ धरतात), बाबेलवाल्यांनी त्याला सन्मानानं सोडलं, तो मागे राहिलेल्या लोकांत राहिला, आणि मग त्या लोकांचा जो सुभेदार नेमला होता त्याचा खून झाल्यावर घाबरलेले सगळे मिसरला पळाले आणि यिर्मया-बारूखलाही सोबत घेऊन गेले, तो जाऊ नका म्हणत असताना. शेवटचा दिसतो तो मिसरातच. मडक्याचा पुढे उल्लेख नाही. पण परत आलेल्यांची जी यादी एज्रा २ मध्ये आहे त्यात अनाथोथची माणसं १२८ आहेत, नहेम्यातही तोच आकडा आहे.

पहाटवारा

आदरानं एक विरोधी मत मांडते. तुम्ही स्वर्गाची गोष्ट अर्धी म्हणालात ते मला टोचलं. इब्री लोकांस पत्रात (११ वा अध्याय) अब्राहाम वचनदत्त देशातसुद्धा तंबूत राहिला, तो पाया असलेल्या नगराची वाट पाहत होता असं आहे, ते सगळे पृथ्वीवर परके आणि प्रवासी होते, आणि १३:१४ मध्ये तर आपल्याला इथे कायमचं नगर नाही असं सरळच म्हटलंय. पेत्र आपल्या वाचकांना पांगलेले परदेशीच म्हणतो. माझी मोठी बहीण गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून मी प्रकटीकरण २१ वाचत होते, डोळ्यांचं सर्व पाणी पुसून टाकील, मरण राहणार नाही. त्या खोलीत घर-मळ्याबद्दल कुणी बोललं असतं तर मला सहन झालं नसतं. गरीब विश्वासणाऱ्यांच्या आयुष्यात इथे घर होतच नाही कित्येकदा, त्यांना पुढचं नगरच आधार आहे, तो काढून घेऊ नका.

अंजीराखाली

तुमच्या बहिणीबद्दल वाचून गलबललं. आधार काढून घ्यायचा नाहीच, उलट मला तो आणखी भरभक्कम वाटतो. तुम्ही वाचत होतात त्याच अध्यायात दुसऱ्या वचनात नगर स्वर्गातून खाली उतरतं. माणसं वर जात नाहीत, देवाची वस्ती माणसांजवळ येते. नगराच्या मधून नदी, नदीच्या दोन्ही बाजूंना जीवनाचं झाड, त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी, आणि वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत, रात्र तर नाहीच. आदाम-हव्वेच्या एदेन बागेच्या वेशीत करूब (पहारा देणारे स्वर्गीय प्राणी) आणि फिरती ज्वालेची तलवार उभी होती, तिथून ही गोष्ट या उघड्या वेशींपर्यंत आलीय. ज्या देहानं तुमच्या बहिणीनं तुमचा हात धरला त्या देहाचंच पुनरुत्थान आपण मानतो ना, पौल पहिल्या करिंथ १५ मध्ये त्यावरच अडून बसलाय. रोम ८ मध्ये तर सगळी सृष्टी वेणा देतेय, आपण जे कण्हतो ते देहाच्या सोडवणुकीची वाट बघत. देहापासून सुटका असं तो म्हणत नाही.

परके आणि प्रवासी हे खरंच आहे. पण यिर्मयाच्या पत्रातले लोकही परकेच होते आणि त्यांनी झाडं लावली.

रांजण

इथे पंडिता रमाबाईंची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. लहानपणापासून आईवडिलांबरोबर तीर्थाटन करत देशभर फिरल्या, दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, नवरा गेला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या त्या केडगावला मुक्ती सदनात, आणि तिथे उपदेशावर थांबल्या नाहीत, विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई शिकवली. मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं ते त्याच आवारात, १९२२ ला त्या गेल्या तोपर्यंत काम हातात होतं आणि १९२४ ला पूर्ण छापून आलं. घर, मळा, लेकरं असा हिशोब लावायचा तर केडगावला तो लागलेला दिसतो.

नवगाव_ते_अश्दोद

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, आमचं मूळ अलिबागजवळ, आता इस्राएलमध्ये अश्दोदला. ख्रिस्ती वाचन तुमचं तुम्हाला लखलाभ, त्यावर वाद नाही, पण एक गोष्ट मनापासून सांगते, हद्दपारी ही आमच्यासाठी आधी एका लोकांची घडलेली गोष्ट आहे, मग सगळ्या माणसांची. ती फार पटकन 'प्रत्येक माणसाची अवस्था' होऊन जाते तेव्हा आम्ही त्यातून पुसले जातो.

तुमच्या माहितीसाठी, आमच्या तनाखचा, म्हणजे हिब्रू बायबलचा, क्रम वेगळा आहे, शेवटी इतिहासाचं पुस्तक येतं. त्याचं अगदी शेवटचं वाक्य पारसाचा राजा कोरेश याचा जाहीरनामा आहे, त्याच्या लोकांपैकी जो कोणी असेल त्याचा देव त्याच्याबरोबर असो, त्यानं वर जावं. पुस्तक तिथेच थांबतं. कोण गेलं, कोण राहिलं, काही नाही. कोरेशनं इ.स.पू. ५३९ ला बाबेल घेतलं, पण पुष्कळ ज्यू तिकडेच राहिले आणि हजार वर्षांनंतर बाबेलचाच तलमूद (ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ) सगळ्यात मोठा ठरला, हेही लक्षात असू द्या.

कोकणात आमच्या लोकांना कुणी छळलं नाही. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणायचे. पेसाह सणाला मिसरातून सुटल्याची कथा आम्ही मराठीत वाचायचो, पुण्याला १८७४ ला छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा (त्या कथेचं पुस्तक) आहे, तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका मात्झा (सणाची बेखमीर भाकरी) करताना दिसतात. १९४८ नंतर इकडे आलो ते देवाचं वचन म्हणून आलो, आणि माझी आजी तरी विमानात रडत बसलेली, तिची वाडी, तिचे नारळ सुटले म्हणून. इकडे आल्यावर आम्ही पूर्ण ज्यू आहोत की नाही यावरच वाद घातला गेला, १९६४ ला इस्राएलच्या संसदेनं ठराव केला तेव्हा तो मिटला. घरी येऊनसुद्धा वेशीत उभं राहायला लागलं. म्हणून कुंपण यांनी एज्राबद्दल लिहिलं ते मला आतून कळलं.

शिलालेख

नहेम्या ९:३६ आठवलं. मंदिर पुन्हा बांधून झालंय, कोट बांधून झालाय, लोक आपल्याच देशात उभे आहेत आणि प्रार्थनेत म्हणतात, पाहा, आम्ही आज दास आहोत, जो देश तू आमच्या पूर्वजांना फळं खायला दिलास त्यातच दास आहोत. पीक पारसाच्या राजाला जातंय. परतणं आणि सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अंजीराखाली

नवगाव, तुमचं पहिलं म्हणणं मी डोक्यावर घेते. आमच्याकडे पौलानं रोम ११ मध्ये परराष्ट्रीयांना तंबीच दिलीय की तुम्ही कलम केलेली रानटी फांदी आहात, मुळाला तुम्ही उचललेलं नाही, मुळानं तुम्हाला उचललंय. चर्चनं ती शतकानुशतकं ऐकली नाही आणि त्याचे परिणाम तुमच्या लोकांनी भोगले.

एक विचारू का, पेसाहच्या शेवटी 'पुढच्या वर्षी यरुशलेमात' म्हणतात ना, तिथेच राहणारे लोक काय म्हणतात मग?

नवगाव_ते_अश्दोद

म्हणतात ना. इकडे त्यात एक शब्द वाढतो, पुढच्या वर्षी *बांधलेल्या* यरुशलेमात. खुद्द यरुशलेममध्ये सेदेरला, म्हणजे पेसाहच्या जेवणाला, बसलेली माणसंही तेच म्हणतात, कारण मंदिर नाही, मशीहा आलेला नाही, शांती तर तुम्ही बातम्यांत बघताच. तुम्ही म्हणता तो आला, आम्ही म्हणतो यायचाय, हा फरक राहणार आणि तो मी पुसू देणार नाही. पण यशया ६५ आम्ही दोघं वाचतो आणि त्यात एकानं बांधावं आणि दुसऱ्यानं राहावं असं होणार नाही, हे वाक्य या देशात बसून वाचताना माझ्या घशाशी अडकतं, कारण इथे कुणी बांधलं आणि कोण राहतंय हे आजूबाजूला दिसतं. कुंपण यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. यहेज्केल ४७ चं ते परक्यांच्या वतनाचं वचन मात्र मी आज पुन्हा काढून वाचलं, आणि शब्बाथला मुलांबरोबर वाचणार आहे.